एका नामाचा स्वरविस्तार

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश मिळाला, असे वारकरी परंपरा सांगते. इ. स. १२७० ते १३५० या काळातील या संतकवीचा ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’ हा अभंग आज बहुतेक मराठी श्रोत्यांना पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजात आणि राम फाटक यांच्या चालीत आठवतो. सुमारे सहा शतके कंठोकंठी फिरलेल्या रचनेला एका ध्वनिमुद्रणाने सर्वमान्य स्वररूप कसे दिले आणि त्यातून काय साधले, हा विचार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या अभंगाची बांधणी वरवर अत्यंत साधी आहे. स्थळ, पूजा, नातीगोती, गुरू अशा माणसाच्या एकेका आधाराचे नाव घ्यायचे आणि प्रत्येकापुढे विठ्ठल हेच नाम ठेवायचे, एवढीच तिची रीत आहे. मात्र कवीच्या नाममुद्रेच्या, म्हणजे ज्यात कवी स्वतःचे नाव गुंफतो त्या शेवटच्या चरणांत ही मालिका थांबते आणि प्राप्तीची व निर्भयतेची ग्वाही येते. नाम तेच राहते, पण त्याच्या शेजारचा शब्द बदलल्यामुळे प्रत्येक उच्चाराचा आशय बदलतो, आणि म्हणूनच ही पुनरावृत्ती कंटाळवाणी न होता चढत जाते.

हेच तत्त्व स्वरांच्या पातळीवर दाखवणारे एक दूरचे उदाहरण ब्राझीलमध्ये सापडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रिओ दि जानेरो येथे सांबा या नृत्यलयीला गिटारच्या हळुवार साथीत आणि जाझच्या स्वरसंवादांत बसवणारी ‘बोसा नोव्हा’ ही शैली घडली. अंतोनियो कार्लोस जोबिम आणि न्यूटन मेंडोन्सा यांच्या ‘साम्बा दे उमा नोता सो’, म्हणजे एकाच स्वराचा सांबा, या गीताचे ध्वनिमुद्रण जोआंव जिल्बेर्तो यांनी १९६० मध्ये केले. त्याच्या आरंभी गायक एकाच स्वरावर स्थिर राहतो आणि खालचे स्वरसंवाद, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, पायरीपायरीने उतरत जातात, त्यामुळे तो अचल स्वर दर वेळी नवा भासतो.

फाटक यांच्या चालीत हे काम उलट दिशेने घडते, कारण येथे शब्द अचल आहे आणि स्वर फिरतात. चालीचा आधार असलेला अहिरभैरव हा कोमल ऋषभ व कोमल निषादाचा प्रातःकालीन राग आहे; त्याच्या पूर्वांगात भैरवाचे गांभीर्य आणि उत्तरांगात काफीचा ओलावा असल्याने पहाटेच्या काकड्याचे वातावरण शब्दांआधीच उभे राहते. सवाई गंधर्वांकडे किराणा घराण्याची तालीम घेतलेल्या जोशींचा स्वर नामावर रेंगाळतो, तेव्हा ख्यालातील आलापाची शिस्त आणि भजनी ठेक्याची सामूहिक लय एकत्र नांदतात. पुढे ‘संतवाणी’च्या मैफलींतून हा अभंग मंदिराबाहेरच्या मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचला, आणि नंतरच्या गायकांनीही प्रामुख्याने हीच चाल आपलीशी केली.

या यशाची दुसरी बाजूही तितकीच विचारात घ्यायला हवी. नामदेवांचा वारसा लेखनापेक्षा कीर्तनातून टिकला, हे अभ्यासक क्रिश्चन नोवेत्झके यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. कीर्तनकारांची ‘बाडे’, म्हणजे पदांच्या हस्तलिखित वह्या, हीदेखील प्रामुख्याने गाण्यासाठीची साधने होती. गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांची ६१ पदेही रागांनुसार लावलेली आहेत, म्हणजे पंजाबनेही त्यांना गेय रूपातच जपले. अशा परंपरेत कोणतेही ध्वनिमुद्रण, ते कितीही थोर असले तरी, अखेरचा शब्द ठरू शकत नाही, कारण भजनात पुढचा गायक एक चरण म्हणतो, टाळकरी तो झेलतात आणि त्या देवघेवीत चाल पुन्हा घडते.

म्हणून जोशी आणि फाटक यांच्या निर्मितीचा खरा सन्मान केवळ तिच्या अनुकरणात नाही. नर्सी, औंढा आणि परिसरातील भजनी मंडळांमध्ये नामदेवांच्या अभंगांच्या ज्या जुन्या चाली कंठात असतील, त्यांचेही त्याच आस्थेने ध्वनिमुद्रण झाले पाहिजे, आणि ते जाणत्या गायकांच्या हयातीतच झाले पाहिजे; कारण ज्या कवीने एकाच नामात सगळी नाती पाहिली, त्याचे गाणे एकाच चालीपुरते उरणे हे त्याच्या विचाराशी विसंगत ठरेल.