हळदीचा नियम कडोदऱ्यात

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर सुरतेच्या अलीकडे कडोदरा लागतं. धुळे, नवापूर, बारडोली करत येणारा रस्ताही इथेच मिळतो आणि त्याच रस्त्याने पोटासाठी आलेला खानदेशी माणूस आसपासच्या लूमवर, डाइंग मिलमध्ये भेटतो. समजा, अशाच एखाद्या कारखान्यात धागा सारखा तुटतोय. फिटर पत्र्याची पट्टी वाकवून बसवतो आणि तुटणं थांबतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या मागावरही तशीच पट्टी चढते, रात्री मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. फिटरला शाबासकी मिळते, कुणी चहा पाजतो.

वर्षभराने त्याला कुणी सुचवलं, ‘पेटंट घे’, तर बहुधा उशीर झालेला असेल. 1970च्या पेटंट कायद्याला शोध नवा हवा, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी तो कुठेही प्रसिद्ध झालेला किंवा वापरात आलेला नसावा. शोध त्याचा स्वतःचा असला तरी त्यानेच फिरवलेला व्हिडिओ त्याच्याविरुद्ध पुरावा होतो.

हे ऐकून राग येतो. पण याच नियमाने आपली हळद वाचवली. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे केला. हे आधीच सर्वांना ठाऊक आहे, एवढंच म्हणणं. 1997मध्ये पेटंट रद्द झालं. जे एकदा लोकांचं झालं ते कुणा एकाला परत देता येत नाही. हळदीसाठी हा नियम हवा असेल, तर फिटरसाठी तो मोडा म्हणता येणार नाही.

म्हणून माझी तक्रार नियमाविषयी नाही. तो कारखान्यापर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार आहे. जगदीशचंद्र बोसांनी सुरुवातीला पेटंट नाकारलं ते समजून-उमजून. फिटर मात्र नकळत गमावतो, आणि त्याला दान म्हणणं ही चेष्टा आहे.

कायद्यात सवलती आहेत, पण अरुंद. प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला बारा महिने मिळतात, मात्र ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं लागतं. कुठल्याही मंडपातला स्टॉल चालत नाही. चाचणी लोकांसमोर घेणं भागच असेल, तर त्यालाही वर्षाची मुभा आहे. गुप्ततेचा करार करून गिऱ्हाइकाला दाखवलं तर ते प्रसिद्धीत मोडत नाही. पण कडोदऱ्यात पट्टी दाखवण्याआधी करार कोण लिहितो?

प्रत्येक पट्टीला पेटंट मिळेल असंही नाही. मिर्झापूरच्या भांड्यांच्या कारागिरीतल्या एका पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; 1978मध्ये निकाल लागला तो पेटंटविरुद्ध. ठाऊक असलेल्या साधनात कारागिराच्या हाताची नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. फिटरने हेही आधीच ऐकलेलं बरं.

ज्याला आपली पट्टी खरोखर नवी वाटते, त्याने आधी तात्पुरता अर्ज करावा. त्यात पट्टीचं नेमकं वर्णन लागतं. संपूर्ण अर्ज बारा महिन्यांत दिला की पहिल्या अर्जाची तारीख टिकते. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, ऑनलाइनही भरता येतात. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1600 रुपये आहे.