‘अंग चोरणे’ : स्वतःच्या शरीराशी असलेल्या नात्याचा एक नैतिक विचार

नीतिविचाराच्या केंद्रस्थानी बहुधा ‘दुसरा’ असतो. दुसऱ्याशी कसे वागावे, आपण दुसऱ्याचे काय देणे लागतो, या प्रश्नांतून कर्तव्याची संकल्पना आकार घेते. माणूस स्वतःच्या शरीराशी कसा वागतो, हा प्रश्न मात्र आरोग्यशास्त्राकडे किंवा अध्यात्माकडे सोपवून आपण मोकळे होतो. हा प्रश्नही मूलतः नैतिक आहे आणि त्याची उकल करावयाची तर शरीराविषयीच्या आपल्या भाषेची तपासणी करावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. ‘आपले शरीर आहे तसे स्वीकारा’ हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. त्यामागील सद्हेतूबद्दल शंका नाही. परंतु तो कोणाला, कोणत्या भूमिकेवरून आणि कशाच्या बळावर करावयाचा, हे स्पष्ट झाल्याखेरीज त्याचे मोल ठरवता येणार नाही.

मराठीत या एकाच वस्तूसाठी निदान तीन शब्द नित्य वापरात आहेत : देह, शरीर आणि अंग. कोशात ते समानार्थी असले, तरी त्यांचा वावर निरनिराळ्या प्रदेशांत होतो. ‘देह’ हा शब्द प्रामुख्याने त्यागाच्या आणि अंताच्या परिसरात येतो : देह ठेवणे, देहावसान, देहदान, देहान्ताची शिक्षा. ‘शरीर’ हा शब्द ज्ञानाच्या आणि व्यवस्थेच्या परिसरात येतो : शरीररचना, शरीरशास्त्र, शरीरसंबंध. पहिल्यात आपण शरीराचा निरोप घेत असतो, दुसऱ्यात त्याच्याकडे बाहेरून पाहत असतो. जगण्याच्या भाषेत मात्र ‘अंग’ येते. अंग दुखते, अंगात ताप असतो, मूल अंगावर पिते, सवय अंगवळणी पडते, गुण अंगी बाणतो. ‘माझा देह दुखतो’ असे कोणी म्हणत नाही. दुखणे, वाढणे, शिकणे या क्रिया ज्या पातळीवर घडतात, तेथे ‘मी’ आणि ‘माझे शरीर’ अशी फाळणी भाषेनेच केलेली नाही.

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनाला हीच गोष्ट वळसा घालून सांगावी लागली. मन आणि शरीर ही दोन भिन्न द्रव्ये मानणाऱ्या देकार्तलाही १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मेडिटेशन्स’च्या सहाव्या चिंतनात कबूल करावे लागले, की खलाशी जहाजात असतो तसा मी शरीरात नसतो, जखम झाल्यावर ती मला दिसते असे नव्हे, ती मला दुखते. मोरिस मर्लो-पाँतीने १९४५ साली ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन’ या ग्रंथात या कबुलीचा पाया केला आणि शरीर ही जगातील एक वस्तू नसून जग आपल्याला ज्या ठायी प्राप्त होते तो ठाव आहे, अशी मांडणी केली. मराठीतला ‘अंग’ हा शब्द या मांडणीच्या फार जवळ जातो.

परंतु भाषेचा हा कौल निरपवाद नाही. आपल्या परंपरेत शरीराविषयीचा द्विधाभाव किती खोल आहे, याचा प्रत्यय ‘दासबोधा’त येतो. पहिल्या दशकाच्या दहाव्या समासात नरदेहाचे स्तवन आहे; परमार्थ साधण्याची संधी केवळ याच देहात आहे, म्हणून तो धन्य होय. तिसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात जन्मदुःखाचे निरूपण आहे. तेथे तोच देह विटाळातून उपजलेला, अमंगळ ठरतो. या दोहोंत विसंगती आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. दोन्ही ठिकाणी देह हे साधनच आहे. साधन म्हणून त्याची स्तुती होते, साध्य म्हणून त्याला कवटाळले तर निंदा. मुमुक्षूला आसक्तीपासून सोडवणे हे या निंदेचे प्रयोजन आहे, आणि ते समजून घ्यावयास हवे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. अमंगळाचा हा आरोप तत्त्वतः सर्व देहांवर असतो. व्यवहारात मात्र तो काही देहांवरच चिकटून राहतो. रजस्वलेच्या देहावर आणि अस्पृश्य मानलेल्याच्या देहावर तो शब्दशः लादला गेला. ज्याला समाजाने शुद्ध ठरवले त्याने ‘देह अमंगळ आहे’ असे म्हणणे हे वैराग्य होय; ज्याला समाजाने अशुद्ध ठरवले त्याच्या कानी तेच वाक्य पडणे हा अपमान होय. वाक्य एकच आहे, उच्चाराची भूमी बदलताच त्याचा नैतिक अर्थ पालटतो.

चौदाव्या शतकातील सोयराबाईंनी या पालटाचे भान विलक्षण तर्कशुद्धतेने व्यक्त केले आहे. विटाळाविषयीच्या त्यांच्या अभंगाचा युक्तिवाद असा : विटाळ देहाचा असेल तर तो देहातच जन्मतो, आणि विटाळावाचून जन्मलेला देह जगात कोठेच नाही. आत्मा निर्मळ असल्याचे परंपरागत प्रतिपादन त्या सोडत नाहीत. परंतु त्यावर विसंबूनही राहत नाहीत. ‘माझा देह विटाळलेला असला तरी आत्मा शुद्ध आहे’ एवढेच त्या म्हणाल्या असत्या, तर देहावरील आरोप मान्य करून सुटका मागितल्यासारखे झाले असते. आरोप सर्वांना सारखाच लागू करून त्या तो निरर्थक ठरवतात. हे देहाचे स्तवन नाही. एका देहाला दुसऱ्या देहापुढे खाली मान घालावयास लावणारे मापच येथे मोडून टाकले आहे.

आता ‘अंग चोरणे’ या वाक्प्रचाराकडे वळू. त्याचे दोन अर्थ आहेत. पहिला, कामात कुचराई करणे. अशा माणसाला आपण ‘अंगचोर’ म्हणतो. दुसरा, शरीर आक्रसून घेणे. गर्दीत बाई अंग चोरून उभी राहते, सावकाराच्या ओसरीवर कूळ अंग चोरून बसते. दोन्ही अर्थांना एकच क्रियापद असावे, हे विचार करण्याजोगे आहे. चोरी म्हटली की ज्याची वस्तू चोरली असा मालक गृहीत धरावा लागतो. स्वतःचेच अंग चोरता येते याचा अर्थ असा, की ते अंग आधीच दुसऱ्या कोणाला देणे लागते : पहिल्या अर्थी त्याच्या श्रमाला, दुसऱ्या अर्थी त्याच्या नजरेला. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे शीर्षक ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. शीर्षककथेतला निवेदक डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात चोरतो आणि ती उघडी पडताच मार मात्र अंगावर पडतो. स्वतःची ओळख लपवणाऱ्याला चोर ठरवणारी व्यवस्था त्याचे शरीर ही आपली मिळकत मानत असते, हे या एका क्रियापदातून उघड होते.

तेव्हा शरीराशी ममत्वाचे नाते जोडणे म्हणजे चोरीचा हा आरोप नाकारणे होय. ‘प्रत्येक शरीर सुंदरच असते’ असे जाहीर केल्याने ते साधत नाही. या घोषणेत न्यायासन बदललेले नसते, फक्त निकाल बदललेला असतो. सौंदर्य हीच अजूनही पात्रतेची अट राहते आणि आरशापुढे उभ्या असलेल्या माणसावर आता आणखी एक कर्तव्य येऊन पडते : स्वतःला सुंदर मानण्याचे. ते न जमल्यास जुन्या लाजेत नव्या अपयशाची भर पडते. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा एक स्तन कर्करोगामुळे १९७८ साली काढावा लागला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये त्यांनी सांगितले आहे, की कृत्रिम स्तन न लावता त्या तपासणीसाठी गेल्या तेव्हा, यामुळे इतरांचे मनोधैर्य खचते, असे परिचारिकेने त्यांना सुनावले. आपली छाती अजूनही देखणी आहे, असा दावा लॉर्ड यांनी केला नाही. जे घडले ते झाकून इतरांची सोय पाहण्याचे त्यांनी नाकारले. शरीर दुसऱ्याच्या नजरेचे देणे लागत नाही, हीच ती भूमिका.

येथे एक आक्षेप संभवतो. स्वीकार म्हणजे आहे ते निमूट सोसणे असेल, तर रोगी शरीराने औषध का घ्यावे? आणि ज्याला आपले शरीर आपले वाटतच नाही, त्याने काय करावे? लक्ष्मी त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) यासारख्या आत्मकथनाला ‘आहे तसे स्वीकारा’ हे सूत्र लावणे क्रौर्याचे ठरेल. आक्षेप रास्त आहे. परंतु तो स्वीकाराच्या एका संकुचित अर्थाविरुद्ध आहे.

या संदर्भात एक क्षुल्लक स्वानुभव नोंदवतो. काही वर्षांपूर्वी माझा उजवा हात मोडला. प्लास्टर काढल्यावर समोर आला तो बारीक, निस्तेज, परका हात. पेन धरवेना. ‘हा ऐकतच नाही’, असे मी त्याच्याविषयी तृतीय पुरुषात बोलू लागलो; नोकराविषयी बोलावे तसे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई एवढेच म्हणाल्या, ‘त्याला ऐकवू नका, त्याचं ऐका. कुठवर दुखतं ते सांगा, तिथून पुढे जाऊ.’ पुढच्या तीन महिन्यांत हात बऱ्यापैकी सुधारला. अक्षर मात्र पूर्वीसारखे झाले नाही. त्या बाईंनी मला हात आवडून घ्यावयास सांगितले नव्हते, आणि तो बदलू नये असेही म्हटले नव्हते. बदलाची सुरुवात हुकमापासून न करता दुखण्याच्या साक्षीपासून करावयाची, एवढाच त्यांचा आग्रह होता.

स्वीकार या शब्दात मला अभिप्रेत आहे तो अर्थ हाच. शरीराची साक्ष ग्राह्य मानणे हा स्वीकार. त्या साक्षीच्या आधारे उपचार, बदल किंवा विश्रांती यांपैकी काय निवडावे, हा पुढचा निर्णय. शरीर आपले वाटत नाही, ही जाणीव हीदेखील शरीराचीच साक्ष असते, आणि ती फेटाळणारा उपदेश कितीही मवाळ असला तरी तो नजरेच्याच बाजूचा असतो.

अर्थात ही साक्ष एकट्याने देता येत नाही. ती ऐकणारा कोणी असावा लागतो. ज्याच्या अंगाला इतरांनी शिवणेच नाकारले, त्याला ‘स्वतःवर प्रेम करा’ असे सांगणे म्हणजे समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई त्याच्याच खिशातून मागणे होय. म्हणून स्वतःच्या शरीराशी असलेले नाते ही खाजगी बाब राहत नाही. आपल्या शेजारी कोण अंग चोरून बसले आहे आणि ते आपल्यामुळे तर नाही ना, हे पाहणे त्या नात्याचाच भाग ठरते. नीतिविचारातला ‘दुसरा’ असा पुन्हा आपल्यासमोर येतो; मात्र आता त्याच्याकडे जाणारी वाट आपल्या स्वतःच्या अंगावरून जाते.