मुका बोर्ड आणि नसलेला घट

नव्या बोर्डाला वीज दिली, सिरियल केबल जोडली, लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं आणि पडदा कोराच राहिला, की एम्बेडेड अभियंता पहिल्यांदा म्हणतो, ‘बूटच होत नाहीये.’ काही दिसलं नाही, म्हणून काही घडलं नाही, असा हा सरळ हिशोब. न दिसण्यावरून नसणं ठरवता येतं का, यावर भारतीय दार्शनिक शतकानुशतकं भांडत आले आहेत.

जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशानं कळतं? डोळ्यांना दिसते ती जमीन. घटाचा अभाव कसा दिसणार? मीमांसक कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि पुढे अद्वैती म्हणाले, तो कळतो घट न आढळण्यातूनच; ‘अनुपलब्धि’ हे सहावं, स्वतंत्र प्रमाण. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षच दिसतो. एक अट मात्र दोन्ही पक्षांना मान्य होती: घट तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने उदाहरण घेतलं पिशाच्चाचं. जे मुळात दिसण्याजोगंच नाही, ते न दिसण्यातून फक्त संशय निघतो, निर्णय नाही.

कोरा पडदा ही अशीच अंधारी खोली असू शकते. ‘यू-बूट’ या बूटलोडरमध्ये सुरुवातीची कामं ओळीने होतात: टायमर, एन्व्हायर्नमेंट, बॉड रेट, मग सिरियल, मग कन्सोल. सिरियलच्या आधीचं एखादं काम फसलं, तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ‘बोर्ड रीसेट करा’ असा संदेश छापू पाहतो. छापणार कुठे? अजून सुरूच न झालेल्या पोर्टवर.

कधी तर बोर्ड बोलत असतो आणि ऐकणाऱ्यालाच कळत नाही. 2016 साली आलेल्या रास्पबेरी पाय 3 मध्ये चांगला यूआर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणारा चिपमधला भाग, ब्लूटूथला देऊन टाकला आणि 14 व 15 क्रमांकांच्या जीपीआयओ पिनांवर ‘मिनी यूआर्ट’ ठेवला. त्याचा वेग ठरतो चिपच्या कोअर क्लॉकवरून. क्लॉक 250 मेगाहर्ट्‌झ धरून त्याला 8 गुणिले 271 ने भागलं, की सुमारे 1,15,300 बॉड मिळतात. टर्मिनलच्या 1,15,200 ला ते पुरेसे जवळ आहेत. पण तोच क्लॉक 400 वर गेला, की वेग होतो 1,84,500 च्या आसपास. सुमारे 8.7 मायक्रोसेकंदांचा बिट 5.4 वर येतो आणि पडद्यावर उमटतो निव्वळ कचरा. म्हणून या बोर्डावर यू-बूटचं बोलणं ऐकायचं, तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘इनेबल_यूआर्ट=1’ लिहावं लागतं. त्याने क्लॉक एका जागी बांधला जातो.

‘देव दिसत नाही, म्हणून नाही’ या आक्षेपाला नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात (प्रकरणात) अंधाऱ्या खोलीचंच उत्तर दिलं: ईश्वर दिसण्यायोग्य नाही, तेव्हा तो न दिसणं हा त्याच्या नसण्याचा पुरावा होत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याच्या आडोशाला पिशाच्चही सुखाने राहू शकतं. उदयनांना हे ठाऊक होतं. म्हणून पाचव्या स्तबकात ते उलट बाजूने पुरावे मांडतात. जग हे कार्य आहे आणि घटाला कुंभार असतो तसा प्रत्येक कार्याला कर्ता असतो, हा त्यातला मुख्य.

अभियंत्यालाही ‘चालतंय, फक्त दिसत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. तो सिरियल सुरू होण्याआधीच्या ओळीत एलईडी पेटवणारा कोड घालतो. ‘डीबग यूआर्ट’ चालू करतो; त्याचा पत्ता आणि क्लॉक कंपाइल करतानाच पक्के केलेले असतात. अक्षरं बाहेर पाठवणाऱ्या टीएक्स पिनला ऑसिलोस्कोप लावतो. काही पाठवलं जात नसताना ती रेषा वर, बहुतेक बोर्डांवर 3.3 व्होल्टला, असायला हवी. ती खालीच पडून असेल, तर पिन यूआर्टकडे सोपवलीच नसावी, हा संशय रास्त ठरतो. एलईडी पेटला तरी त्याचं समाधान होत नाही. आपली ओळ काढून टाकून तो पुन्हा पाहतो. आता एलईडी विझलेला राहिला, तरच मघाचा उजेड त्या ओळीचा.

अकराव्या शतकात विक्रमशीला विहारातल्या बौद्ध तार्किक रत्नकीर्तीने नैयायिकांना नेमकं या काढून पाहण्याच्या कसोटीवरच अडवलं. कर्ता नसेल तिथे कार्य नसतं, हे दाखवायचं तर आधी कर्ता नाही अशी जागा दाखवावी लागेल. कुंभाराच्या बाबतीत ते जमतं, कारण कुंभार दिसतो. पण कर्ता स्वभावतःच अदृश्य मानला, तर तो अमुक ठिकाणी नाही हे कोण सांगणार? ईश्वराला आक्षेपापासून वाचवणारी ‘योग्य’तेची, म्हणजे दिसण्याजोगं असण्याची, अटच रत्नकीर्तीच्या हातात ईश्वरसिद्धीच्या आड येते.