कोणते ‘नाही’?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आपण प्रथम म्हणतो, ‘नको, नको!’ घरधनीण त्या ‘नको’कडे लक्ष न देता आणखी दोन चकल्या वाढते आणि आपण त्या मुकाट्याने खातो. या ‘नको’चा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो, त्यामुळे कोणी कोणाला खोटे ठरवीत नाही. पण त्याच जिभेने आपण दुसरेही नकार देत असतो, आणि त्यांचा हिशेब इतक्या सहजी मिटत नाही. माझा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. चाळिशी उलटल्यावर अरबी भाषेचे पहिले धडे गिरवू लागलो, आणि क्रियापदाला ‘नाही’ कसे लावावे या साध्या धड्यापाशी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

अरबीकडे वळलो ते विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. शालान्त परीक्षेपुढे मी गेलो नाही; जे थोडेफार व्याकरण येते ते मुलांना शिकवता शिकवता आलेले. मी एक कादंबरी लिहीत आहे. तिचा नायक पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेला साताऱ्याकडचा एक शिपाई आहे. तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी तुर्कांनी हिंदी फौजेच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. त्या फौजेत मराठा पलटणी होत्या. माझा शिपाई त्या गोंधळात एका अरब म्हातारीच्या घरात लपतो. तुर्की सैनिक दार ठोठावतात. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणते, ‘मी कोणाला पाहिले नाही.’ हे एवढे वाक्य मला तिच्या भाषेत हवे होते.

आमच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात एक वृद्ध मौलवीसाहेब राहतात. उमेदीची वर्षे त्यांनी कुवेतला काढली आहेत. एका संध्याकाळी तर उतरून त्यांच्या पडवीत गेलो आणि विचारले, ‘‘मौलवीसाहेब, ‘मी पाहिले नाही’ याला अरबीत काय म्हणायचे?’’

ते म्हणाले, ‘‘कोणते नाही, गुरुजी?’’

वाक्य घेऊन परत यायचे म्हणून गेलो होतो. शिकवणी लावून परत आलो.

अरबीत ‘नाही’ क्रियापदाच्या आधी येते, आणि ते एकच एक नाही. ‘अक्तुबु’ म्हणजे मी लिहितो. त्याच्यामागे ‘ला’ लावले की ‘ला अक्तुबु’, मी लिहीत नाही. ‘लन्’ लावले तर शेवटचा ‘उ’ जाऊन तेथे ‘अ’ येतो आणि अर्थ होतो, मी लिहिणार नाही. भूतकाळाला दोन वाटा आहेत. ‘कतब्तु’ म्हणजे मी लिहिले. त्याच्या आधी ‘मा’ ठेवले की झाले. दुसरी वाट ‘लम्’ची, आणि तेथे नवशिका हमखास घसरतो. मीही घसरलो. वहीत ‘लम् कतब्तु’ असे लिहून नेले. मौलवीसाहेबांनी ते खोडून ‘लम् अक्तुब्’ केले आणि म्हणाले, ‘‘भूतकाळ दोनदा कशाला, गुरुजी? लम्‌ने तो आधीच उचलला आहे.’’

म्हणजे क्रियापद वर्तमानातल्याच कपड्यांत राहते, फक्त त्याचा शेवटचा स्वर कापला जातो. काळाचे ओझे ‘नाही’ हा शब्द वाहतो. नाकारणाऱ्याने तोंड उघडताच, आपण झालेले नाकारतो आहोत, चाललेले नाकारतो आहोत की व्हायचे नाकारतो आहोत, हे त्याला ठरवून टाकावे लागते.

‘ला’ची आणखी एक गंमत सांगतो. ‘ला तक्तुबु’ म्हणजे तू लिहीत नाहीस, आणि ‘ला तक्तुब्’ म्हणजे लिहू नकोस. फरक शेवटच्या एका ‘उ’चा. पण वाक्य संपवून थांबलो की तो ‘उ’ही उच्चारायचा नसतो, मग विधान आणि हुकूम कानाला एकच लागतात. मला नवल वाटले नाही. ‘आपल्या घरात मोठ्यांना कोणी उलट बोलत नाही,’ असे आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात, ते काही माहिती म्हणून सांगत नसतात!

मौलवीसाहेबांच्या ‘कोणते नाही’चा उलगडा पुढे झाला. सीबवैह नावाचा एक इराणी वंशाचा व्याकरणकार आठव्या शतकात बसऱ्यात शिकला. त्याचा ग्रंथ ‘अल्-किताब’, म्हणजे नुसता ‘ग्रंथ’, या नावानेच ओळखला जातो. त्यात तो क्रियापदांच्या नकारांची जोडीजोडीने मांडणी करतो. कोणी म्हणाले, ‘त्याने केले’, तर त्याला ‘लम्’ने उत्तर द्यावे, कोणी शपथेच्या जोरावर ‘त्याने केलेच’ म्हणाले, तर ‘मा’ने. बोलणारे सगळेच हा भेद काटेकोरपणे पाळतात असे नाही. पण त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटला. नकार हे नेहमी कोणाला तरी दिलेले उत्तर असते. समोर कोण उभा आहे आणि तो काय म्हणतो आहे, हे कळल्यावाचून तुमचे ‘नाही’ कोणते ते सांगता येत नाही.

‘‘तुमच्या म्हातारीच्या दारात कोण आहे?’’ मौलवीसाहेबांनी विचारले. मी सांगितले. ते हसले. ‘‘मग ती लम्-बिम् काही म्हणणार नाही. ते पुस्तकात. ती म्हणेल, ‘मा शिफ्त’. बाजारात, घरात असेच बोलतात.’’

वाक्य मिळाले होते. मी तेथेच थांबायला हवे होते. पण मास्तराला गृहपाठ अर्धा ठेवता येत नाही. ‘लम्’ची दहा वाक्ये लिहून आणायची होती. ‘पाहणे’ हे क्रियापद घेतले. ‘अरा’ म्हणजे मी पाहतो; त्यातला ‘रा’ दीर्घ. मी लिहिले, ‘लम् अरा’. मौलवीसाहेबांनी शेवटचे अक्षर खोडले. ‘‘ते दुबळे अक्षर आहे. लम् आला की ते टिकत नाही. ‘लम् अर’ म्हणा.’’ ‘बोलणे’चेही तसेच. ‘अकूलु’, मी बोलतो. ‘लम् अकुल्’, मी बोललो नाही. मधला दीर्घ ‘ऊ’ आखडतो.

पाहिले नाही. बोललो नाही. ही दोनच वाक्ये मला पहिल्याने का सुचावीत?

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथील प्रयोगशाळेच्या कपाटातून दोन सूक्ष्मदर्शक नाहीसे झाले. ते नेणारा मी पाहिला होता. शाळा समितीतल्या एका वजनदार गृहस्थाचा तो भाचा. संशय मात्र शिपायावर आला, कारण किल्ली त्याच्याकडे असे. चौकशीला मला बोलावले. समोर तिघे बसले होते, त्यांत ते गृहस्थही. मी बोलायला सुरुवात केली, ‘‘त्या दिवशी दुपारी मी कोणाला कपाट उघडताना पाहिले...’’ येथवर आलो आणि त्या गृहस्थांनी मान वर केली. मी पुढे म्हणालो, ‘‘नाही.’’

मराठी वाक्यात ‘नाही’ शेवटी येते. ‘पाहिले’पर्यंत मी खरे बोलत होतो असे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे. पुढे त्यांनी आणखी विचारले तेव्हा, ‘मला आठवत नाही’ झाले, ‘नक्की सांगता येणार नाही’ही झाले. भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांतले ‘नाही’ मी एका बैठकीत वापरले, आणि तिन्हींचा खरा अर्थ एकच होता: मला नोकरी हवी आहे. शिपायाची नोकरी गेली. बाहेर पडताना त्याने एवढेच विचारले, ‘‘गुरुजी, तुम्ही होतात ना तिथं?’’ त्याला मी ‘हो’ही म्हणालो नाही आणि ‘नाही’ही.

अरबीत बोलायचे असते तर पहिलाच शब्द ‘लम्’ उच्चारावा लागला असता. वाक्याच्या मध्यावर कोणाचा तरी चेहरा पाहून वळायला जागा नव्हती. मग मी खरे बोललो असतो काय? असे म्हणावेसे वाटते. पण ते मराठीवर उगाच आळ घेणे होईल. भित्र्या माणसाला प्रत्येक भाषेत एखादी पळवाट सापडतेच. मी फार तर दारातच चेहरा पाहून घेतला असता.

बायकोला सांगितले तेव्हा मी म्हणालो होतो, ‘‘मी लाचार होतो गं.’’ हा शब्दही पाहा. त्यातला ‘ला’ अरबी आणि ‘चार’ फारसी. ज्याला उपाय नाही तो लाचार. माझ्याजवळ उपाय होता. तो महाग होता, इतकेच.

ज्ञानाला शोभणारा नकारही याच भाषेत आहे. ‘ला अद्री’, म्हणजे मला ठाऊक नाही. मदीनेचे थोर धर्मशास्त्री इमाम मालिक आठव्या शतकातले. त्यांना एकदा अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले आणि बत्तीसांना त्यांनी ‘ला अद्री’ हेच उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगतात. माझे ‘आठवत नाही’ दिसायला त्याच घराण्यातले. पण त्यांनी नसलेले ज्ञान दाखवले नाही, मी असलेले लपवले.

मग म्हातारीचे काय? तीही पाहिलेले लपवते. तिचे वाक्य आणि माझे वाक्य अक्षरशः एक आहे, आणि दोन्ही खोटी. तरी तिचे खोटे लिहिताना माझा हात थरथरत नाही. खोटे ते खोटे, असे म्हणणारे नीतिशास्त्र मी वर्गात शिकवतो. कादंबरीत मला ते चालवता येत नाही. मला सुचते ते असे. म्हातारीचे ‘नाही’ खरे ठरो की खोटे, मार पडणार तो तिच्या पाठीवर. माझ्या ‘नाही’चा मार दुसऱ्याच्या पाठीवर पडला, आणि मला तो कोठे पडणार हे बोलण्याआधी दिसत होते. हे उत्तर पुरे आहे असे माझे म्हणणे नाही. म्हातारीच्या घरात नातवंडे असती तर? मी कादंबरीत ती ठेवलेली नाहीत. ठेवायचे धाडस झाले नाही, हेच खरे.

त्या चौकशीनंतर ‘पुन्हा असे करणार नाही’ अशी प्रतिज्ञा मी केली होती. हा ‘लन्’चा प्रांत. मूसा पैगंबरांनी ईश्वराला पाहण्याची इच्छा केली तेव्हा कुराणात उत्तर येते ते ‘लन्’ने, आणि त्यावरून पंडितांत मोठा वाद झाला. हा नकार कायमचा की या जन्मापुरता? ‘लन्’ म्हणजे कधीच नाही, असे मत बाराव्या शतकातल्या जमखशरीच्या नावावर सांगितले जाते. इतर वैयाकरण म्हणाले, ‘लन्’ भविष्य नाकारतो, किती काळ ते सांगत नाही. माझ्या प्रतिज्ञेपुरते बोलायचे तर दुसऱ्या पक्षाचे बरोबर आहे. ती पुढच्या शाळेतल्या पहिल्या बैठकीपर्यंत टिकली.

शिपाई आता मुंबईत रखवालदार आहे. त्याच्या भावाकडून मी पत्ता मिळवला आहे. काय पाहिले ते लिहून मी सही केली, एक प्रत त्याच्यासाठी आणि एक त्या शाळेसाठी. पाकिटे टेबलावर आहेत. टपालात टाकलेली नाहीत. मौलवीसाहेबांनी परवाच नवा शब्द दिला. ‘अद्याप नाही’ याला अरबीत ‘लम्मा’ असा वेगळाच नकार आहे. त्याच्यापुढेही क्रियापदाचा शेवट ‘लम्’सारखाच कापायचा, मात्र जे झालेले नाही ते आता होईल, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा त्यात धरलेली असते.