पावती

मंगळवेढ्याला दोन संतांच्या कथा चिकटलेल्या आहेत. दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, ती इथलीच. आणि गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले, तेही इथेच. दोन्ही कथा मी आईच्या तोंडून ऐकल्या. वारकरी घरातली माणसं आम्ही. देव देतो आणि आपण हात जोडून घ्यायचं, हे रक्तातच होतं. तरी गरिबाला सरकारकडून जे मिळतं ते दान की त्याचा हक्क, हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. मंगळवेढ्याची ज्वारी एवढी नावाजलेली, पण त्या साली रानात कडबासुद्धा नव्हता. वडील आधीच वारले होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. धाकटी बहीण बाभळीला बांधलेल्या झोळीत. तिला झोका द्यायचा आणि दुपारी सुकडीच्या रांगेत उभं राहायचं, ही माझी कामं. पगाराच्या दिवशी आई मस्टरवर अंगठा उठवायची आणि तिथूनच बाजाराला जायची. त्या दिवशी तिची चाल वेगळी असायची.

पुढं पाऊस झाला, काम बंद झालं, आणि सुगीला अजून अवकाश होता. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आम्हाला दोन पोती ज्वारी दिली. गावानं त्याला दानशूर म्हटलं, आईनं त्याच्या पाया पडायला लावलं. बदल्यात बारा वर्षांचा माझा थोरला भाऊ त्याच्याकडे सालानं राहिला. एका सालाची तीन सालं झाली. भाऊ पुन्हा शाळेत गेला नाही. त्या माणसाला मी आजही वाईट म्हणत नाही, त्यानं भुकेल्या घरात धान्य घातलं. पण दान कधी येईल हे देणाराच ठरवतो, आणि घेणाऱ्याला त्याची फेड कशात करावी लागेल हे आधी कळत नाही. आमच्या घरानं ती एका मुलाच्या शाळेत केली.

मग कायदा आला. वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. कामं तीच होती, खडी, नालाबंडिंग, पाझर तलाव. मजुरीही बेताचीच. फरक एवढाच की उन्हाळ्यात काय करायचं, याचं उत्तर आईला दिवाळीतच ठाऊक असायचं. तिनं पुन्हा कुणाकडे जोडवी गहाण ठेवली नाही. झोळीतली ती बहीण दहावी पास झाली. थोरल्याच्या वेळी घरात उपकार आला होता, धाकटीच्या वेळी कायदा. आई तीच होती, माया तीच होती.

मी शिक्षक झालो तेव्हा पगारपत्रकात व्यवसाय कराची कपात दिसली. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीच्या पैशासाठीच बसवला गेला, असं आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं. मी घरी येऊन आईला म्हणालो, "आता मी मजुरांना पैसे देतो." तिनं मान हलवली. "देत न्हाईस. फेडतोस," ती म्हणाली.

या एका शब्दानं मला दामाजींची कथा नव्यानं समजली. कोठारं उघडल्यावर बादशहानं दामाजींना धरून नेलं. तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपात दरबारात गेला आणि धान्याचे पैसे मोजले. तो देव होता, बादशहाचं मन पालटवून माफी मिळवू शकला असता. त्यानं हिशेब चुकता केला आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना आपल्या पोथीत सापडली, असं सांगतात. भुकेलेल्यांवर उपकाराचं ओझं राहू नये, म्हणूनच देवानं हे केलं असं मी मानतो. ज्यांनी ज्वारी पिकवली तेच कोठाराबाहेर उपाशी उभे होते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेल्यातलं परत न देता खाणाऱ्याला चोर म्हटलं आहे. हा विचार लोक गरिबांना ऐकवतात, फुकटचं खाऊ नका म्हणून. मला तो उलट दिशेनं लागू होताना दिसतो. माझी आई आधी राबली होती. तिनं फोडलेल्या खडीच्या रस्त्यावरून आम्हा पगारदारांचं कोठार भरणारे ट्रक गेले. परतफेड आमच्याकडून राहिली होती.

आता २०२४ पासून सरकारच्या योजनेतून पात्र बायांच्या खात्यात महिन्याला पंधराशे रुपये येतात. ते नवऱ्याच्या हातात न जाता तिच्या नावावर येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लोक त्याला ओवाळणी म्हणतात तेव्हा मी थांबतो. ओवाळणी भावाच्या ऐपतीवर आणि मर्जीवर असते. शाळेच्या फीच्या तारखेला मर्जी चालत नाही. रक्कम थोडी असली तरी ती येणार याची खात्री असेल, तर आई सावकाराची पायरी चढत नाही आणि पोराचं दप्तर खुंटीला लागत नाही.

देवापुढं मी आजही हात पसरतो. तिथं माझा कसला हक्क? पण माणसांच्या राज्यात आईबापांना हात पसरायला लावणं हा मला अधर्म वाटतो. चोखोबांची हजेरी कुठल्या मस्टरवर नव्हती. त्यांची हाडं नामदेवांनी ओळखली ती त्यातून येणाऱ्या विठ्ठलनामावरून. प्रत्येक मजुराला नामदेव भेटत नाही. म्हणून नाव कागदावर हवं.

निवृत्तीनंतर दर बाजारच्या दिवशी मी देवळाच्या ओसरीत बसतो. काम मागायला आलेल्या बायांचा नमुना चार, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज, भरून देतो. अर्ज देऊन पावती न घेताच परत येतात त्या, साहेबांना कसं विचारायचं म्हणून. मी त्यांना पुन्हा पाठवतो. तारखेची पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, बाई. देवानंसुद्धा घेतली होती.