पैनगंगेच्या अलीकडे

एकतंत्री सत्तेचे स्वरूप तिच्या तोफखान्यापेक्षा तिच्या दप्तरात अधिक स्पष्ट उमटते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या अमदानीत हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने जो हुकूम जारी होता, त्यान्वये सरकारी परवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई होती; आणि जेथे चार माणसांना एकत्र बसून विचारविनिमय करण्यासाठीही अंमलदाराच्या दारी अर्ज घेऊन तिष्ठावे लागते, तेथे प्रजेला राजकीय जीवन म्हणून काही असणेच शक्य नसते. १९३८ साली प्रजेच्या हक्कांसाठी उभ्या राहू पाहणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. अशा राज्यात चळवळीला पाय टेकावयास जमीन हवी असते, आणि ती राज्याच्या हद्दीबाहेर शोधावी लागते.

मराठवाड्याच्या उत्तरेस ती जमीन वऱ्हाडाने दिली. या प्रांताचा इतिहास मोठा विलक्षण आहे. हिंगोलीसारख्या छावण्यांतून राहणाऱ्या, निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले; १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने सालिना पंचवीस लाखांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले. तरीही नाममात्र सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले, इतके की १९३६ च्या करारानंतर त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे वाशीमच्या शेतकऱ्याचा सारा नागपूरच्या सरकारात जमा होई आणि त्याचा धनी मात्र कागदोपत्री हैदराबादेत असे. इंग्रजांची अधिसत्ता संपताच वऱ्हाड परत मागण्यास निजामाला हेच कागद पुरेसे होते. त्यामुळे १९४७ साली सरहद्दीवरील पैनगंगा नदीपलीकडे, संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणासाठी उभ्या राहिलेल्या लढ्याकडे शेजाऱ्याची विपत्ती म्हणून पाहण्याची मोकळीक आमच्या मुलखाला नव्हती. तो आमच्याही भवितव्याचा प्रश्न होता.

या नदीच्या दोन काठांवर बोली एक, सोयरीक एक, वारी एक. पण अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का, आणि मध्ये निजामाचा करोडगिरीचा नाका. बैलगाडीतला माल उतरवून त्यावर जकात वसूल करणारा हा नाका रयतेला राजसत्तेचे रोजचे दर्शन घडवी, आणि म्हणूनच लढा पेटल्यावर प्रथम रोष ओढवला तो या नाक्यांवर. शिंदीची झाडे तोडून अबकारीचे उत्पन्न बुडविणे, गावदप्तरे जाळणे, नाके उठविणे या साऱ्या कृतींमागे एक अचूक जाण होती: हुकूमशाही वसुलीवर जगते.

या कार्यक्रमाची सूत्रे सरहद्दीवरच्या कॅम्पांतून हलत. त्यांपैकी उमरखेड हे ठिकाण त्या काळच्या पुसद तालुक्यातले, आणि हा तालुका १९०५ पर्यंत जुन्या वाशीम जिल्ह्याचाच भाग होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशी, या कॅम्पच्या सैनिकांनी निजामी हद्दीतील उमरीची बँक लुटून लाखोंची रक्कम आणली. माझ्या मते या घटनेतील सर्वांत थोर गोष्ट लुटीनंतरची आहे: त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे तो सादरही झाला. हाती शस्त्र आणि पुढ्यात बेहिशेबी द्रव्य असता ज्यांनी वही उघडली, त्यांना क्रांतिकारक ही पदवी शोभते.

आणि या वेळी त्यांचा नेता कोठे होता? स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना अटक झाली. मध्यंतरी अल्पकाळ सुटका, मग पुन्हा कैद, ती थेट संस्थानाच्या शरणागतीपर्यंत. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात बाहेरून लढा चालविला. शिक्षकी पेशातून आलेल्या या संन्याशाने स्वतःवाचून चालू शकेल अशी माणसे घडविली होती, आणि एका व्यक्तीच्या फर्मानावर उभ्या असलेल्या राज्याला नेमकी हीच गोष्ट साधत नसते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले, आणि १७ तारखेस सव्वादोनशे वर्षांची आसफजाही शरण आली.

येथेच थांबून जयघोष करणे सोपे आहे; ते प्रामाणिकपणाचे नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, केलेल्या अत्याचारांचा सूड त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमान रयतेवर उगवला गेला. सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक संहार झाल्याचे नमूद करून मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा बांधला, आणि तो अहवाल दशकानुदशके प्रसिद्धीवाचून पडून राहिला. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये ज्याचा खून झाला, तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता. त्याचे नाव मुक्तिदिनी आदराने घ्यावयाचे आणि ते हजारो मृत मात्र विस्मरणात लोटावयाचे, हे कृत्य मला अक्षम्य वाटते. ज्या सत्तेने प्रजेला धर्मावरून मोजले तिला हटविताना आपणही तेच माप हाती घेतले, हे लिहून ठेवले पाहिजे.

पदच्युत व्हावयाचा निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून मानाने नांदला. स्वामीजी लोकसभेत गेले खरे. पण ज्या संस्थानाच्या मुक्तीसाठी त्यांनी तुरुंगवास भोगला, त्याच्या अखंड सत्तेचा मोह त्यांना पडला नाही. हैदराबादचे भाषावार त्रिभाजन व्हावे असा आग्रह त्यांनी धरला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य तीन भाषांच्या प्रदेशांत वाटले गेले.