अटीविना दिलेले धन आणि कायकतत्त्व



अलीकडे मठात येणाऱ्या भक्तांच्या तोंडून एक शंका पुनःपुन्हा ऐकू येते. सरकार स्त्रियांच्या खात्यावर दरमहा रक्कम जमा करते. तिच्या मोबदल्यात ना काम घेते, ना खर्चाचा हिशेब मागते. कर्नाटकात २०२३ साली गृहलक्ष्मी योजनेतून २००० रुपये सुरू झाले, मध्य प्रदेशात त्याच वर्षी लाडली बहना योजना १००० रुपयांनी सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०२४ साली लाडक्या बहिणीचे १५०० रुपये आले. "अप्पाजी, शरणांनी कायक शिकवले आणि हे तर फुकट खायला शिकवतात. हे धर्माला धरून आहे काय?" असा या शंकेचा आशय असतो. विचारणारे बहुधा आपल्यातील बागायतदार किंवा पेठेतील दुकानदार असतात. उसाच्या लावणीला बायका पूर्वीच्या हजेरीवर येत नाहीत, ही तक्रारही ते त्याच श्वासात सांगतात. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या जातात, हे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

कोणत्या पक्षाने कोणत्या हेतूने योजना काढली, हा या मासिकाचा विषय नव्हे. प्रश्न असा की, दरिद्री कुटुंबाच्या हाती अट न घालता पैसा दिला असता त्या कुटुंबाचे काय होते? ते कायकापासून ढळते की कायकाला लागते? याचे उत्तर केवळ ग्रंथ पाहून देता येत नाही, माणसांकडे पाहावे लागते. सुदैवाने असे पाहणे झालेले आहे आणि तेही आपल्या इंदूरकर भक्तांच्या अगदी शेजारी.

२०११ च्या जून महिन्यात इंदूर परिसरातील ८ गावांत एक प्रयोग सुरू झाला. 'सेवा' ही स्त्रियांची संघटना तो चालवीत होती आणि युनिसेफने त्यासाठी द्रव्य दिले होते. गावातील प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये मिळत. मुलांची रक्कम आईच्या हाती जाई. वर्षाने हे आकडे ३०० व १५० करण्यात आले. एका आदिवासी गावात वर्षभर ३०० व १५० याच दराने रक्कम वाटली गेली. तुलनेसाठी दुसरी काही गावे निवडली होती, तेथे काहीच दिले नाही. एकंदर सुमारे ६००० माणसांना सुमारे दीड वर्ष ही रक्कम मिळाली. जात विचारली नाही, शेत किती ते विचारले नाही, पैसा कशावर खर्च केला हेही विचारले नाही. रेशन पूर्वीप्रमाणे चालूच राहिले.

नवरा-बायको आणि तीन मुले असे घर धरले तर आरंभी महिन्याला ७०० रुपये होतात. शहरातील वाचकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण तिचा गुण तिच्या आकारात नव्हता, ती दर महिन्याला न चुकता येण्यात होता. खेड्यातील दारिद्र्य कसे असते ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. वर्षातून एकदा पीक येते, पोटाला मात्र रोज लागते. पेरणीच्या तोंडावर घरात दाणा नसतो, बियाणे नसते. मग सवाईने किंवा दिडीने धान्य उचलावे लागते. पोते घेतले की सुगीला सव्वा किंवा दीड पोते परत. पीक खळ्यावर येते तेव्हाच त्याचा वाटा दुसऱ्याच्या नावावर लागलेला असतो. अशा घराला ज्येष्ठात मिळालेले ७०० रुपये आणि मार्गशीर्षात मिळालेले ७०० रुपये एकसारखे नसतात. योग्य वेळी आलेला थोडा पैसा चुकीच्या वेळच्या मोठ्या कर्जाला दारातून परत धाडतो.

त्या गावांत झालेही तसेच. प्रयोग करणाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ताटात भाजी व डाळ वाढली, लहान मुलांची वजने सुधारली, विशेषतः मुलींची. शाळेवरील खर्च वाढला, कर्जाचा भार हलका झाला. लोकांनी शेळ्या, कोंबड्या, बियाणे, शिवणयंत्रे घेतली. दारूवरील खर्च वाढल्याचे दिसले नाही. आपल्या शंकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, लोक काम सोडून बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरील मजुरी थोडी कमी झाली आणि स्वतःच्या शेतातील, स्वतःच्या धंद्यातील श्रम वाढले. त्या भागात कर्जापोटी वर्षानुवर्षे एकाच मालकाकडे राबणारे 'नौकर' असतात; त्यांपैकी काहींनी कर्ज फेडून आपली मान सोडवून घेतली.

आता कायकाचा विचार करू. प्रत्येक कष्टाला आपण कायक म्हणू लागलो आहोत, हे योग्य नाही. शरणांचे कायक म्हणजे स्वतः पत्करलेला, शुद्ध मनाने केलेला व्यवसाय आणि त्याच्या फळातून दासोह. दोर वळणारे नुलिय चंदय्या किंवा होडी चालविणारे अंबिगर चौडय्या यांना कुणी उचल देऊन बांधून आणले नव्हते. ज्याने बापाच्या कर्जासाठी आपली वर्षे गहाण टाकली, त्याचे श्रम मालकाच्या धाकाने होतात आणि त्याच्या हाती दासोहासाठी मूठभरही उरत नाही. त्याला कायकाचे प्रवचन देणे सोपे आहे. परंतु तो कायक करू शकेल अशी स्थिती आधी निर्माण झाली पाहिजे. इंदूरच्या गावांत त्या २०० रुपयांनी केले ते एवढेच.

अट घातलेला पैसा कसा असतो हे आपल्या सीमाभागाला नव्याने सांगायला नको. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी जोडपी येतात, त्यांना मुकादमाकडून उचल मिळालेली असते. एका जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्याराला देणारी ही भाषाच पुरेशी बोलकी आहे. उचल हातात पडते तेव्हा तीही मोठी रक्कम वाटते, लग्न उरकते, आजारपण निभावते. पण ती फिटेपर्यंत पाय बांधलेले असतात आणि हंगामाअखेर फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तेच ओझे. या पैशाबद्दल 'फुकट' असे कुणी म्हणत नाही, म्हणून तो आपल्याला बोचत नाही.

काही भक्त येथे आयदक्की लक्कम्मांचा दाखला देतात. पती मारय्या नित्याप्रमाणे सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. मग गरिबाने जास्तीचे घ्यावे काय? कथा खरोखर थोर आहे, पण ती नीट वाचली पाहिजे. लक्कम्मांच्या घरी त्या दिवसाच्या दासोहापुरते तांदूळ होते. पुरेसे असताना अधिक नको, असे त्या म्हणाल्या. ज्या घरात पुरेसेच नाही त्या घराला हे वाक्य ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही. दुसरे असे की, 'पुरेसे' किती हे त्या गरीब स्त्रीने स्वतः ठरवले. बसवण्णांनी ठरवले नाही, भांडारातल्या कारकुनाने तर नाहीच. अट न घालणे याचा मला कळलेला अर्थ हाच आहे.

आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांचा विचार निघालाच आहे तर आम्हा मठपतींविषयीही बोलले पाहिजे. जंगमाच्या झोळीत भक्त जे टाकतात त्याचा हिशेब कुणी मागत नाही. मठाची काणिके, धान्य, जमीन हे सगळे शतकानुशतके अटीविनाच आले. त्याने आम्ही आळशी झालो किंवा कसे, हे भक्तांनी ठरवावे. पण दरमहा विनाअट घेण्याचा इतका जुना अनुभव असलेल्या वर्गाने शेतमजूर बाईच्या १५०० रुपयांवर नाक मुरडणे शोभत नाही.

दारूची भीती सर्वत्र आहे, केवळ आपल्याकडे नव्हे. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१४ साली वेगवेगळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र पाहिले. रोख रक्कम मिळाल्याने दारू-तंबाखू वाढते असे त्यांना आढळले नाही. एखाद्या घरात वाढत असेल. तसा नवरा मजुरीच्या पैशाचीही दारूच पितो आणि म्हणून त्याची मजुरी बंद करा असे कुणी सुचवीत नाही.

तथापि सर्व काही गोडच आहे असेही नाही. आफ्रिकेतील केनिया देशात गिव्हडायरेक्टली या संस्थेने २०११ नंतर रारिएडा भागातील गवती छपरांच्या घरांना मोठ्या रकमा विनाअट दिल्या. लोकांनी पत्रे घातले, जनावरे घेतली, अन्न सुधारले. परंतु अभ्यासकांना त्याच गावांत दुसरेही दिसले. शेजाऱ्याला मिळाले आणि आपल्याला नाही, अशा घरांचे समाधान खालावले. आपल्या भाषेत याला पंक्तिभेद म्हणतात. पंक्तीत एकाच्या पानावर तूप वाढून दुसऱ्याला वगळले तर वाढणाऱ्याचे पुण्य तेथेच संपते. इंदूरच्या गावांत सर्वांनाच दिले, मोठ्या घरांनाही दिले. श्रीमंताला कशाला, असे वरवर वाटते. पण पात्र कोण हे ठरविण्याचे अधिकार ज्याच्या हाती जातात त्याच्या दारी गरिबाला उभे राहावे लागते, हे लक्षात घेतले की त्यातील शहाणपण कळते.

पैशाने गावात दवाखाना येत नाही, शिक्षक येत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००० रुपये देऊन सरकारने बाळंतिणीला चाळीस मैल खासगी इस्पितळात पाठवले तर त्या पैशाचा प्रवास तिच्या घरापर्यंत झालाच नाही असे समजावे.

देणाऱ्याच्या वृत्तीचा प्रश्न उरतो. दानात देणारा वर असतो. दासोहात देणारा स्वतःला दास म्हणवतो. फलकावर देणाऱ्याचे छायाचित्र झळकते आणि घेणारीला निवडणुकीच्या वेळी उपकाराची आठवण करून दिली जाते, तेव्हा कागदावर नसलेली अट मनात घातली गेलेलीच असते. बसवण्णा बिज्जळाचे भांडारी होते. भांडार उधळल्याचा आरोप त्यांच्यावर आला तेव्हा त्यांनी हिशेब उघडून दाखवला, अशी कथा आपण सांगतो. जे भांडार लोकांचे, त्याचा हिशेब देणाऱ्याकडून मागावा. आपण मात्र घेणाऱ्या बाईकडून मागतो.

बागायतदार भक्तांच्या हजेरीच्या तक्रारीबद्दल आता वेगळे उत्तर द्यायला नको. बाई पूर्वी ज्या दराला येत होती तो दर तिने कबूल केला होता की तिच्या रिकाम्या डब्याने, एवढे त्यांनी आपल्या मनाशी पाहावे.

मला त्याहून अधिक काळजी दुसऱ्या बाईची वाटते. महाराष्ट्रात २०२५ साली लाभार्थींची पडताळणी सुरू झाली, अनेक नावे गळली. अपात्र नावे गळणे समजू शकते. परंतु दिवाळीच्या सुमारास गाव सोडून सहा महिने आपल्या अथणी-चिकोडीच्या फडात पाल ठोकून राहणाऱ्या बाईने कागद कुठे दाखवावे, कुणाला दाखवावे? आपल्या शेतात तोड चालू असेल तेव्हा पालांपाशी जाऊन विचारावे. ज्यांच्या घरी शिकलेली मुले आहेत त्यांनी एक दिवस तिचे कागद घेऊन बसावे. ती कुठल्या गावची, कुठल्या जातीची, हे विचारण्याचे कारण नाही.